एकुलत्या एका मुलांचे प्रमाण किती, हे कसे मोजावे

लग्नसमारंभात, शाळेच्या फाटकापाशी किंवा सोसायटीच्या सभेत "आजकाल घरोघरी एकच मूल असते" हे वाक्य सहज म्हटले जाते आणि ते कोणी तपासून पाहत नाही. त्याच माणसांकडून एकुलत्या मुलीच्या आईला "हिला पाठचं कोणी नको का?" असेही विचारले जाते, जणू तिचे घर सगळ्यांपेक्षा वेगळे आहे. मी स्वतः एकुलती एक मुलगी असल्यामुळे ही दोन्ही वाक्ये लहानपणापासून ऐकत आले आहे. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, एवढे मला शाळेतच कळले होते. मात्र त्यांतले कोणते किती खरे आहे, हे ठरवण्याची रीत समजायला बरीच वर्षे गेली. ती रीत अवघड नाही. बेरीज आणि भागाकार येत असला, की आपल्या मुलाच्या वर्गापुरते, आपल्या इमारतीपुरते किंवा गावापुरते हे प्रमाण कोणालाही काढता येते आणि सरकारी तक्त्यांतले आकडेही नीट वाचता येतात.

आधी शब्द पक्का करावा

मराठीत "एकुलता एक" या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि मोजणीतली पहिली चूक तिथेच होते. ज्याला एकही सख्खे भावंड नाही तो एकुलता एक, हा एक अर्थ झाला; परंतु तीन बहिणींच्या पाठीवर झालेल्या भावालाही आपल्याकडे सर्रास एकुलता एक म्हणतात, कारण बोलणाऱ्याच्या मनात मोजणी फक्त मुलग्यांची चाललेली असते. लग्नाच्या परिचयपत्रात वर "एकुलता एक" असे लिहिलेले असते आणि दोन ओळी खाली "बहिणी: दोन, विवाहित" असेही लिहिलेले असते. म्हणून प्रश्नात हा शब्द वापरूच नये.

दुसरी अडचण भावंडे या शब्दाची आहे. चुलत, आते, मामे आणि मावस भावंडांनाही मुले दादा आणि ताईच म्हणतात. एकत्र कुटुंबात वाढणाऱ्या मुलाला "तुला किती भावंडे?" असे विचारले, तर ते काकांची मुले धरून उत्तर देते, आणि त्याच्या दृष्टीने ते उत्तर बरोबरच असते. यासाठी प्रश्न असा घालावा: "तुमच्या आई-वडिलांना तुम्हाला धरून एकूण किती मुलगे आणि किती मुली आहेत?" या प्रश्नात चुलत भावंडे गळतात, बहिणीही मोजल्या जातात आणि शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेले भावंडही सुटत नाही.

यानंतर काही निर्णय मोजणी करणाऱ्याने आधीच घेऊन कागदावर लिहून ठेवावेत. सावत्र भावंड धरायचे का, दत्तक मूल धरायचे का, आणि एखादे भावंड लहानपणीच दगावले असेल तर उरलेल्या मुलाला एकुलते म्हणायचे का, हे ते निर्णय होत. माझे मत असे आहे, की एका घरात वाढणारे सावत्र किंवा दत्तक भावंड धरावे आणि मोजणी हयात मुलांची करावी, कारण आपण त्या मुलाचे आजचे घर समजून घेत आहोत. कोणी वेगळा निर्णय घेतला तरी हरकत नाही. तो सगळ्यांना सारखा लावला गेला म्हणजे झाले. जुळ्यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. माझ्या व्याख्येप्रमाणे जुळ्या बहिणींपैकी एकही एकुलती नाही, पण विद्यापीठ अनुदान आयोगाची सावित्रीबाई जोतिराव फुले यांच्या नावाची जी संशोधन शिष्यवृत्ती एकुलत्या मुलींसाठी आहे, तिच्यासाठी जुळ्या मुलीही पात्र धरल्या जातात. दोन्ही व्याख्या आपापल्या कामासाठी योग्य आहेत, आणि त्यांचे आकडे एकमेकांत मिसळले तर दोन्ही बिघडतात.

घरे मोजायची की मुले

या विषयातला सगळ्यात मोठा घोळ इथे आहे आणि वाचकाने वेळ द्यावा तो याच भागाला. समजा, एका इमारतीत मुले असलेली २० घरे आहेत. त्यांपैकी ८ घरांत एक, ९ घरांत दोन आणि ३ घरांत तीन मुले आहेत. घरांच्या बाजूने पाहिले तर २० पैकी ८, म्हणजे ४० टक्के घरांत एकच मूल आहे. आता संध्याकाळी ही सगळी मुले अंगणात खेळायला आली असे समजा. ८ अधिक १८ अधिक ९ मिळून ती ३५ होतात आणि त्यांतली एकुलती फक्त ८, म्हणजे सुमारे २३ टक्के असतात. इमारत तीच आणि मुलेही तीच असूनही वरच्या मजल्यावरून आया पाहतात तेव्हा "जवळजवळ निम्म्या घरांत एकच मूल" दिसते, आणि अंगणातल्या एकुलत्या मुलाला मात्र आपल्याभोवती बहुतेकांना भाऊ किंवा बहीण असल्याचे दिसते.

हे नेहमीच असे घडते. जिथे कुठे काही घरांत एक आणि काही घरांत अधिक मुले आहेत, तिथे एकुलत्या मुलांचे मुलांमधले प्रमाण हे घरांमधल्या प्रमाणापेक्षा कमीच भरते, कारण तीन मुलांचे एक घर मुलांच्या घोळक्यात तीन वेळा दिसते आणि एका मुलाचे घर एकदाच. लहानपणी मला वर्गात जे एकटेपण जाणवायचे, त्याचा बराचसा उलगडा मला या साध्या भागाकाराने केला.

एका मोजणीवरून दुसरीकडे जाण्याची रीत सोपी आहे. घरांमधली टक्केवारी हाती असेल तर तिला दर घरामागच्या मुलांच्या सरासरीने भागावे. वरच्या इमारतीत २० घरांत ३५ मुले, म्हणजे सरासरी १.७५ आहे; ४० ला १.७५ ने भागले की २३ च्या जवळचा आकडा येतो. एकच काळजी घ्यायची, की टक्केवारी फक्त मुले असलेल्या घरांची असेल तर सरासरीही त्याच घरांची घ्यावी, आणि टक्केवारीत अपत्य नसलेली जोडपी धरली असतील तर ती सरासरीतही धरावीत.

उलट दिशेनेही जाता येते. शिक्षकांना हे विशेष उपयोगी आहे, कारण त्यांच्यासमोर घरे नसून मुले असतात. समजा, वर्गातल्या ४० मुलांपैकी १२ जणांनी घरात एकच मूल असल्याचे, २२ जणांनी दोन आणि ६ जणांनी तीन असल्याचे लिहिले. एकुलत्यांमागची घरे १२ झाली. दोन मुलांच्या घरांतली २२ मुले आहेत, पण अशा घरांना वर्गात दिसण्याच्या दोन संधी मिळतात, म्हणून २२ ला २ ने भागून ११ घ्यावेत. तसेच ६ ला ३ ने भागून २ घ्यावेत. बेरीज २५ होते आणि २५ पैकी १२ म्हणजे ४८ टक्के. वर्गात ३० टक्के मुले एकुलती असतील, तर त्यांच्यासारख्या घरांत एका मुलाची घरे जवळपास निम्मी आहेत, असा याचा अर्थ होतो. शाळेतल्या मोजणीत एक गोष्ट मात्र कधीच दिसणार नाही: ज्या जोडप्यांना मूल नाही त्यांच्या घरातून कोणीच वर्गात येत नाही.

कुटुंब पूर्ण झाले आहे का

पहिलीतल्या मुलाने "मी एकटाच" असे लिहिले तर ते आजपुरते खरे असते. त्याला पुढच्या वर्षी बहीण होऊ शकते. त्याचप्रमाणे बारावीतल्या मुलीचा दादा नोकरीसाठी बेंगळुरूला असेल, तर घरात पाहणाऱ्याला एकच मूल दिसते. घरात आज किती मुले राहतात, यावरून काढलेला आकडा म्हणून नेहमीच फुगलेला असतो. शिधापत्रिकेवरून मोजण्याचा मोह अनेकांना होतो. पण लग्न झालेल्या मुलीचे नाव तिच्यातून कमी केले जाते, त्यामुळे ती या कामाला उपयोगी नाही.

परदेशी आकड्यांत हा फरक फार स्पष्ट दिसतो. युरोपीय संघात मुले असलेल्या घरांपैकी जवळपास निम्म्या घरांत एकच मूल असते, असे तिथल्या सांख्यिकी कार्यालयाचे आकडे सांगतात. ते वाचून निम्मे युरोपीय लोक एकुलते आहेत असे वाटते, आणि ते दोन कारणांनी चूक आहे: एक तर ही घरांची टक्केवारी आहे, आणि दुसरे म्हणजे त्यांत ज्यांचे दुसरे मूल अजून जन्मायचे आहे आणि ज्यांचे थोरले घराबाहेर पडले आहे अशी दोन्ही प्रकारची घरे आहेत. अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेने वेगळी मोजणी घेतली. मूल होण्याचे वय संपत आलेल्या, म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या आयांना त्यांनी पाहिले, तेव्हा १९७६ मध्ये ११ टक्के आयांना एकच मूल होते आणि २०१५ च्या सुमारास हे प्रमाण २२ टक्के झाले होते. प्रमाण दुप्पट झाले, ही मोठी गोष्ट आहे. परंतु त्या आयांना सरासरी सुमारे २.४ मुले होती, म्हणून २२ ला २.४ ने भागले की त्यांच्या मुलांपैकी एकुलती मुले साधारण ९ टक्केच भरतात. १९७६ मध्ये सरासरी तीनपेक्षा जास्त होती, त्यामुळे त्या वेळी हे प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी होते.

आपल्या मोजणीत ही चूक टाळण्याचा सोपा उपाय असा, की ज्या घरातले पहिले मूल दहा वर्षांचे झाले आहे तीच घरे धरावीत. बहुतेक घरांत पाठचे मूल व्हायचे असेल तर ते तोपर्यंत झालेले असते. शाळेत मोजायचे असल्यास पाचवी-सहावीच्या पुढचे वर्ग घ्यावेत. बालवाडीत घेतलेल्या मोजणीवर विसंबू नये. शासनालाही "कुटुंब पूर्ण झाले" याचा पुरावा कधीकधी लागतो, आणि महाराष्ट्रात २०१७ मध्ये सुधारलेल्या "माझी कन्या भाग्यश्री" योजनेत त्याचा मार्ग असा काढला होता, की एका मुलीनंतर वर्षभरात आईने किंवा वडिलांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केली तर मुलीच्या नावे ५०,००० रुपये ठेवले जात. आपल्याला कोणाकडे असा पुरावा मागायचा नाही. दहा वर्षांची अट पुरेशी आहे.

सरकारी तक्ते कसे वाचावेत

बातम्यांत जो आकडा येतो तो एकूण प्रजनन दराचा असतो: आजच्या दराने मुले होत राहिली तर एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतील, हे तो सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, तो भारतासाठी २.०, शहरी भारतासाठी १.६ आणि ग्रामीण भारतासाठी २.१ होता. महाराष्ट्राचा १.७, गोव्याचा १.३, सिक्कीमचा १.१ आणि बिहारचा ३.० होता. १९९२-९३ मधल्या पहिल्या फेरीत महाराष्ट्राचा दर २.९ च्या जवळ होता, म्हणजे एका पिढीत आपण फार लांबचा पल्ला गाठला आहे.

मात्र या दरावरून एकुलती मुले किती, हे थेट कळत नाही. दहा स्त्रियांना मिळून १७ मुले आहेत, म्हणजे सरासरी १.७ आहे, असे समजा. तिघींना एक आणि सातजणींना दोन मुले असतील तरी बेरीज १७ होते. दोघींना मूल नाही, एकीला एक, पाचजणींना दोन आणि दोघींना तीन असतील तरीही ती १७ च होते. पहिल्या गटात १७ मुलांपैकी ३ एकुलती आहेत आणि दुसऱ्या गटात फक्त १. म्हणून "दर दोनच्या खाली गेला, आता सगळी मुले एकुलती" असा निष्कर्ष वाचनात आला तर तिथेच थांबावे. आपल्याकडे तर दोनचा आकडा खोलवर रुजलेला आहे. "हम दो हमारे दो" ही घोषणा भिंतीभिंतींवर होती, आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवण्यापासून २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनुसार सरकारी नोकरी मिळवण्यापर्यंत कायद्याने घातलेली मर्यादाही दोन मुलांचीच आहे.

खरा उपयोग होतो तो त्याच सर्वेक्षणाच्या अहवालातल्या दुसऱ्या तक्त्याचा. १९५६ मध्ये स्थापन झालेली, मुंबईत देवनार येथे असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण करते. पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ७ लाख २४ हजारांहून अधिक स्त्रियांच्या मुलाखती झाल्या, आणि कोणत्या वयाच्या किती टक्के स्त्रियांना शून्य, एक, दोन, तीन मुले आहेत याचा तक्ता अहवालात दिलेला असतो. त्यातली सर्व वयांची एकत्रित ओळ सोडून द्यावी, कारण तिच्यात नुकतेच लग्न झालेल्या आणि अविवाहित मुलीही असतात. ४५ ते ४९ वयाची ओळ घ्यावी, "एक मूल" या रकान्यातली टक्केवारी पाहावी आणि शेजारच्या सरासरीने तिला भागावे. २०११ च्या जनगणनेतही स्त्रियांना जन्मलेली आणि हयात मुले विचारली होती आणि तिचे तक्ते जिल्हावार मिळतात. आपल्या जिल्ह्यापुरते पाहायचे असेल तर ते घ्यावेत. दोन्हींत जन्मलेल्या मुलांचे आणि हयात मुलांचे आकडे वेगळे असतात हे विसरू नये.

या ओळीची एक मर्यादा आहे. २०१९-२१ मध्ये ४५ ते ४९ वयाच्या असलेल्या स्त्रिया १९७० ते १९७६ च्या सुमारास जन्मल्या. त्यांची मुले आज विशी-तिशीत आहेत. तेव्हा ही ओळ आजच्या तरुणांबद्दल बोलते, पाळण्यातल्या बाळांबद्दल नाही. आजच्या बाळांपैकी किती जण एकुलते राहतील याचा अंदाज घ्यायचा असेल, तर दहा वर्षांपूर्वी पहिले मूल झालेल्या स्त्रियांपैकी किती जणींना दुसरे झाले, हे पाहणे हा त्यातल्या त्यात विश्वासाचा मार्ग आहे.

चीनचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते, म्हणून एवढेच सांगते, की १९८० पासून २०१५ पर्यंतच्या त्या कडक धोरणातही बहुतेक प्रांतांत ग्रामीण जोडप्याला पहिली मुलगी असल्यास दुसऱ्या मुलाची परवानगी होती. धोरणाचे नाव "एक मूल" असले तरी तिथले प्रत्येक मूल एकुलते नव्हते.

मुलगे किती आणि मुली किती

एकूण प्रमाण काढून झाल्यावर एकुलत्या मुलांत मुलगे किती आणि मुली किती, हे वेगळे मोजावे. निसर्गतः दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे १०० एकुलत्या मुलांत सुमारे ५१ मुलगे असावेत. ही मोजणी ६० किंवा ६५ मुलगे दाखवत असेल, तर त्या वस्तीत पहिला मुलगा झाला की थांबले जाते आणि पहिली मुलगी झाली की पुढे जाऊन पाहिले जाते, असे समजावे, किंवा त्याहून वाईट काही घडले असावे असे समजावे. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये, देशाच्या कायद्याच्या सहा वर्षे आधी, कायदा केला. तरीही ६ वर्षांपर्यंतच्या मुलांत दर १,००० मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. म्हणून एकुलत्या मुलींचा वेगळा आकडा हा मला या सगळ्या मोजणीतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो लिहिल्याशिवाय मोजणी पुरी झाली असे मानू नये.

विचारताना आणि लिहिताना

वर्गात हात वर करायला सांगून ही मोजणी कधीही करू नये. एखाद्या मुलाचे भावंड गेलेले असते, एखादीचे आई-वडील वेगळे झालेले असतात, एखाद्या घरात दुसऱ्या मुलासाठी वर्षानुवर्षे उपचार चाललेले असतात. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायला सांगावी, रिकामी चिठ्ठी चालेल असे आधी सांगावे आणि मोठ्या माणसांना "दुसरे का नाही?" हा प्रश्न कोणत्याही रूपात विचारू नये. आपल्याला संख्या हवी आहे; कारण विचारण्याचा अधिकार त्या संख्येबरोबर मिळत नाही.

लहान मोजणीवर फार भार टाकू नये. ४० मुलांत ३० टक्के एकुलती निघाली, तर ज्या मोठ्या समूहातून ती मुले आली आहेत त्यातले खरे प्रमाण १६ पासून ४४ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. ४०० मुलांत तेच ३० टक्के निघाले तर ही व्याप्ती साधारण २५ ते ३५ एवढी आवळते. शिवाय एका खासगी शाळेची मुले म्हणजे सगळे शहर नव्हे, आणि जिल्हा परिषदेच्या एका शाळेची मुले म्हणजे सगळा तालुका नव्हे.

शेवटी निकाल लिहिताना एकटी टक्केवारी लिहू नये. कोणाला विचारले, केव्हा विचारले, एकुलते म्हणजे काय धरले आणि किती जणांनी उत्तर दिले, हे त्याच वाक्यात यावे. वरच्या वर्गाचा निकाल मी असा लिहीन: "जून महिन्यात आमच्या शाळेच्या सातवीच्या एका तुकडीतील ४० विद्यार्थ्यांनी नाव न लिहिता उत्तरे दिली, सख्खी, एका घरात वाढणारी सावत्र आणि दत्तक अशी सर्व हयात भावंडे धरली असता १२ विद्यार्थी एकुलते होते, त्यांपैकी ७ मुलगे आणि ५ मुली, या उत्तरांवरून काढल्यास अशा २५ घरांपैकी १२ घरांत एकच मूल आहे."